येऊ का, असं विचारून आत जा

तुझा मेसेज दोनदा वाचला. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात स्वयंसेवक म्हणून जायच्या आधी काय काय शिकून घेऊ असं विचारलंयस, जादूचे प्रयोग, पपेट, गिटार... गिटार ने हवं तर, पण मुलांना हसवायचंय हे आधी डोक्यातून काढून टाक, कारण त्याच नादात मी पहिल्या दिवशी जो गोंधळ घातला तो आठवला की अजून कसंनुसं होतं. हातात पपेट घालून थेट एका सहा वर्षांच्या मुलाच्या कॉटपाशी गेले आणि सुरूच झाले, त्याने भिंतीकडे तोंड केलं तर मी फिरून पलीकडच्या बाजूला गेले, आई बिचारी ओशाळून "अरे बघ तरी मावशीकडे" म्हणतेय. शेवटी सिस्टरने बाहेर बोलावलं आणि हळूच म्हणाली, सकाळपासून तिघांनी त्याला न विचारता हात लावलाय, तुम्ही चौथ्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या मुलांना कशालाच नाही म्हणता येत नाही. तपासणीला रक्त द्यायला नाही म्हणता येत नाही, गोळीला नाही, पाठीतल्या सुईला नाही, घरी जायचंय म्हटलं तर तेही नाही. आणि हे काही आठ-पंधरा दिवसांचं काम नसतं, मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर, ज्याला एएलएल म्हणतात, त्याची ट्रीटमेंट साधारण दोन ते अडीच वर्षं चालते, म्हणजे चार वर्षांच्या मुलाने अर्धं किंवा त्याहून जास्त आयुष्य यातच घालवल्यासारखं झालं. तू मात्र त्या खोलीत येणारं असं माणूस आहेस की ज्याला "जा" म्हटलं तरी काही बिघडत नाही. म्हणून दारात थांबायचं, "येऊ का?" विचारायचं, आणि नको म्हटलं तर "बरं, मी गुरुवारी परत विचारते" एवढं बोलून खरंच निघायचं, चेहरा पाडायचा नाही. त्या पपेटवाल्या मुलाने मला चार आठवडे नको म्हटलं, अगदी मजा घेत म्हणायचा. पाचव्या वेळी म्हणाला, आत नको, दारात बस. बसले. गुरुवार म्हटलंस की गुरुवारीच जायचं हेही आलंच, जमणार नसेल तर निरोप पाठव, ही मुलं वाट बघतात आणि बोलून दाखवत नाहीत.

1986 मध्ये न्यूयॉर्कला मायकल क्रिस्टनसेन नावाच्या सर्कशीतल्या विदूषकाने हॉस्पिटलात क्लाउन न्यायचा रीतसर कार्यक्रम सुरू केला आणि नंतर ती कल्पना बऱ्याच देशांत गेली. या कामात मुरलेले क्लाउनसुद्धा आधी दारातून अंदाज घेतात, मुलाने हाकललं तर पडत-धडपडत बाहेर जातात, आणि कधी कधी तोच खेळ होऊन बसतो.

आता औषधांबद्दल थोडं, कारण माहीत नसेल तर तुला वाटेल मूल आपल्यावरच चिडलंय. स्टेरॉइड चालू असताना गोड पोरगी अचानक वस्सकन अंगावर येते, रडते, पहाटे तीनला भूक भूक करते, तो स्वभाव नसतो, ते औषध असतं. व्हिन्क्रिस्टिन नावाच्या केमोच्या औषधाने जबडा दुखतो, पायातली ताकद कमी होते, म्हणून "चल उठ, नाच" म्हणू नकोस. तोंडात फोड आले असतील तर बोलणंही नको वाटतं, तेव्हा प्रश्न विचारत बसण्यापेक्षा शेजारी बसून आपणच चित्र काढावं. एक लाल रंगाचं औषध असतं, डॉक्सोरुबिसिन, त्याने शू एक-दोन दिवस लालसर होते, आधी सांगितलं नसेल तर मूल रक्त समजून घाबरून गप्प बसतं. हे सांगायचं काम सिस्टरचं, पण कोणी सांगितलंय का एवढं तू विचारायला हरकत नाही.

सुईच्या वेळी तुला थांबायला सांगितलं तर "दुखणार नाही" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. एकदा खोटं ठरलास की पुढचं काहीच त्याला खरं वाटत नाही. "टोचेल, मग संपेल, तू फुगे उडव" हे चालतं. साबणाचे फुगे उगाच नसतात, फुगा मोठा करायचा तर श्वास हळू आणि लांब सोडावा लागतो, त्याने अंग सैल पडतं. त्वचा बधिर करणारं क्रीम साधारण तासभर आधी लावावं लागतं, घाईत राहून जातं कधी कधी, आईला हळूच आठवण कर. आणि जमत असेल तिथे मूल आडवं दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर बसलेलं बरं. कुठल्या हाताला टोचायचं, आधी मोजायचं की नाही, जे थोडंफार त्याला ठरवता येईल ते त्याला ठरवू दे.

दुखणं मोजायला सहा चेहऱ्यांचा तक्ता असतो, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, 0 ते 10. उपयोगी आहे, पण खेळणारं मूल म्हणजे न दुखणारं मूल असं समजू नकोस, कितीतरी मुलं दुखतंय म्हणून गुंतून खेळतात. आणि काही तर दुखतंय सांगितलं की अजून सुई मिळेल म्हणून शून्यावर बोट ठेवतात.

लहान मुलांना बऱ्याचदा वाटतं की मी काहीतरी वाईट केलं म्हणून हे झालं. एका मुलीने मला विचारलं होतं, भावाला ढकललं म्हणून का? असं ऐकलंस की लगेच, स्पष्ट सांग की नाही, तुझ्यामुळे नाही, कोणाच्याच वागण्याने हे होत नाही. तो भाऊही बाहेर कुठेतरी बसलेला असतो बरं का, त्याच्याशीही दोन शब्द बोल.

पंधरा-सोळा वर्षांच्यांना फुगे-बिगे नको असतात, केस गेल्यावर आरशात बघायचं नसतं, मित्र मेसेज करायचे बंद झालेले असतात. त्यांच्याकडून एखादा गेम शिक आणि मनापासून हर.

कधीतरी कोणी विचारेल, मी मरणार का. "छे, असं बोलायचं नाही" म्हटलंस की दार बंद झालं. "असं का वाटलं तुला?" विचार, ऐकून घे, उत्तर तू द्यायचं नसतं, पण डॉक्टरांना आणि घरच्यांना तेव्हाच सांग. मोठी माणसं कुजबुजतात तेव्हा मुलांना बहुतेक सगळं कळलेलं असतं. आणि जाताना सगळी मरणारी मुलं असा चेहरा करून जाऊ नकोस, श्रीमंत देशांत 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, इतरत्र प्रमाण बरंच कमी आहे, पण तुझ्यासमोरचं मूल काही टक्केवारी नाही.

काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचं प्रमाण, पडलेले असतील तर आत जाऊ देणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस, काचेतून हात कर. सर्दी असेल, घरात कोणाला कांजण्या असतील तर जाऊच नकोस. खरी फुलं नाही, केसाळ खेळणी नाही, पुसता येतील अशीच ने. नखं कापून जा, आणि अत्तर, परफ्यूम काही लावू नकोस, केमोवाल्या पोराला त्या वासानेच उलटी होते, मला हे एकाने अंगावर करून शिकवलंय.