‘व्हेन’ दिसले म्हणजे क्रियाविशेषणवाक्यच का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी राजारामपुरीतील एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. इंग्रजीच्या शिकवणीत आमच्याकडून एक तक्ता पाठ करून घेतला आहे : ‘दॅट’ आले की नामवाक्य, ‘हू’ किंवा ‘विच’ आले की विशेषणवाक्य, ‘व्हेन’ किंवा ‘इफ’ आले की क्रियाविशेषणवाक्य. सराव परीक्षेत त्या तक्त्याप्रमाणे गौणवाक्ये ओळखली आणि दहापैकी चार उत्तरे चुकली. तक्ता चुकीचा आहे, की माझेच काही राहून गेले आहे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण तक्ता नीट पाठ केला आणि प्रामाणिकपणे वापरला, उणीव तक्त्यात आहे. गौणवाक्याचा प्रकार त्याच्या पहिल्या शब्दावरून ठरत नाही, ते मोठ्या वाक्यात कोणते काम करते यावरून ठरतो. नामाचे काम करते ते नामवाक्य, एखाद्या नामाविषयी अधिक सांगते ते विशेषणवाक्य आणि क्रिया केव्हा, कुठे, का, कोणत्या अटीवर घडते हे सांगते ते क्रियाविशेषणवाक्य. ही व्याख्या आपल्याला ठाऊक असणारच. अडचण येते ती हे काम ओळखायचे कसे, येथे.

त्यासाठी मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याजवळ एक फार चांगले साधन असते आणि ते वापरायला त्याला कोणी सांगत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. इंग्रजीत जेथे एकच ‘व्हेन’ तीन कामे करतो, तेथे मराठी तीन वेगळ्या रचना वापरते. ही तीन वाक्ये पाहा. ‘आय डोन्ट नो व्हेन द ट्रेन लीव्ह्ज’, ‘कॉल मी व्हेन द ट्रेन लीव्ह्ज’ आणि ‘आय रिमेंबर द नाइट व्हेन द ट्रेन लेफ्ट लेट’. आता हीच वाक्ये आपण कोल्हापूरच्या स्टेशनवर उभ्या राहून घरच्या माणसाशी बोलत आहात असे समजून मराठीत म्हणा. पहिले होईल, ‘गाडी कधी सुटते ते मला माहीत नाही’. दुसरे, ‘गाडी सुटेल तेव्हा मला फोन कर’. आणि तिसरे, ‘ज्या रात्री गाडी उशिरा सुटली ती रात्र मला आठवते’. पहिल्यात ‘कधी’ हा प्रश्नार्थक शब्द आला आणि त्यापुढचे ‘ते’ सबंध गौणवाक्याची जागा धरून बसले, म्हणजे ते ‘नो’ या क्रियापदाचे कर्म, अर्थात नामवाक्य. दुसऱ्यात ‘तेव्हा’ आले. ते फोन करण्याची वेळ सांगते, म्हणून क्रियाविशेषणवाक्य. तिसऱ्यात ‘ज्या’ हा शब्द ‘रात्र’ या नामाला चिकटला, म्हणून विशेषणवाक्य.

ताळा इंग्रजीतच करून पाहायचा असेल तर गौणवाक्य काढून त्या जागी एक शब्द ठेवावा. ‘आय डोन्ट नो इट’ हे चालते, म्हणजे ते नामवाक्य होते. ‘कॉल मी इट’ चालत नाही, ‘कॉल मी देन’ चालते, म्हणजे ते क्रियाविशेषणवाक्य होते.

‘इफ’चेही असेच आहे. ‘आस्क हिम इफ ही इज कमिंग’ म्हणजे ‘तो येणार आहे का ते त्याला विचार’, हे नामवाक्य. येथे ‘इफ’ काढून ‘व्हेदर’ घातला तरी अर्थ बदलत नाही. ‘इफ ही कम्स, आस्क हिम’ म्हणजे ‘तो आला तर त्याला विचार’, हे अटीचे क्रियाविशेषणवाक्य. या भेदाचा उपयोग परीक्षेपुरता नाही. भविष्यकाळाबद्दल बोलताना ‘व्हेन’ किंवा ‘इफ’चे नामवाक्य ‘विल’ घेते, पण त्यांच्या वेळ किंवा अट सांगणाऱ्या क्रियाविशेषणवाक्यात सहसा साधा वर्तमानकाळच येतो. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबर आहे आणि ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल यू’ चूक आहे. मराठीत ‘तो येईल तेव्हा सांगेन’ असे आपण सहज म्हणतो, त्यामुळे ही चूक आपल्याकडील चांगल्या लिहिणाऱ्यांच्याही हातून होते. गौणवाक्याचा प्रकार ओळखता आला की ती लिहितानाच लक्षात येते.

सर्वांत अधिक गुण जातात ते ‘दॅट’मुळे, म्हणून तेथे थोडे थांबतो. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. समजा, एक वाक्य असे आहे : ‘द न्यूज दॅट द रिव्हर हॅड क्रॉस्ड फॉर्टी-थ्री फीट फ्रायटन्ड अस’. दुसरे असे : ‘द न्यूज दॅट ही टोल्ड अस फ्रायटन्ड अस’. दोन्हीकडे ‘न्यूज’ या नामानंतरच ‘दॅट’ आला आहे, म्हणून दोन्ही विशेषणवाक्ये वाटतात. आता ‘दॅट’ झाकून उरलेले गौणवाक्य वाचा. ‘द रिव्हर हॅड क्रॉस्ड फॉर्टी-थ्री फीट’ हे स्वतःच्या पायावर उभे राहते, कारण ती बातमीच आहे. नदीने 43 फूट ओलांडले ही बातमी. हे ‘न्यूज’शी समानाधिकरण असलेले नामवाक्य होय. ‘ही टोल्ड अस’ मात्र तेथे अर्धवट वाटते, त्याने काय सांगितले हा प्रश्न उरतो, कारण ‘दॅट’ हाच ‘टोल्ड’चे कर्म होता. ‘जी बातमी त्याने सांगितली ती’ असे हे विशेषणवाक्य आहे, आणि येथे ‘दॅट’ऐवजी ‘विच’ चालतो; पहिल्या वाक्यात चालत नाही.

मराठीचे साधन एका ठिकाणी फसवते, तेही सांगितले पाहिजे. ‘व्हॉट ही सेड वॉज ट्रू’चे मराठी ‘तो जे बोलला ते खरे होते’ असे होते. ‘जे’ पाहून विशेषणवाक्य म्हणण्याचा मोह होईल, पण त्या ‘जे’ला चिकटायला इंग्रजी वाक्यात नामच नाही. सबंध गौणवाक्य ‘वॉज’चा कर्ता आहे, म्हणून ते नामवाक्य. तेव्हा ‘ज’चा शब्द आला की आधी नाम शोधावे.

आणि कधी कधी पहिला शब्द गाळलेलाच असतो. ‘द मिसळ वुई एट वॉज हॉट’ या वाक्यात ‘वुई एट’ हे विशेषणवाक्यच आहे. तक्ता पाठ केलेल्याला ते दिसणारही नाही.

प्रश्न : ‘ही स्पोक सो सॉफ्टली दॅट नोबडी हर्ड हिम’ यातील ‘दॅट’पासूनचा भाग माझ्या मुलाने नामवाक्य म्हणून लिहिला. मराठीत ‘की’ येतो, म्हणून मलाही ते बरोबर वाटले. बाईंनी चूक दिली आहे. – एक पालक, कागल

उत्तर : बाईंचे बरोबर आहे. मराठीत ‘तो म्हणाला की’ आणि ‘तो इतका हळू बोलला की’ या दोन्हींत ‘की’ एकच दिसतो, पण दुसऱ्याच्या मागे ‘इतका’ उभा आहे. इंग्रजीतील ‘सो’ तोच. तो काय बोलला हे या गौणवाक्यात सांगितलेले नाही, त्याच्या हळू बोलण्याचा परिणाम काय झाला ते सांगितले आहे, म्हणून हे परिणाम दाखवणारे क्रियाविशेषणवाक्य आहे. मुलाला ‘ही सेड दॅट नोबडी हर्ड हिम’ हे वाक्य शेजारी लिहून द्या आणि दोन्ही वाक्ये मोठ्याने मराठीत म्हणायला सांगा. एकात ‘इतका’ येतो आणि दुसऱ्यात येत नाही, हे त्याचे त्यालाच ऐकू येईल.