'कीटकनाशक' की 'कीडरोधक'?

प्रश्न असा : "मका, गहू, राय ही तृणधान्ये स्वतःच 'कीटकनाशक स्रवतात' असे वाचले. हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?"

मला यातले दोन्ही शब्द खटकतात. 'स्रवतात' कमी, 'कीटकनाशक' जास्त.

ही द्रव्ये म्हणजे बेंझॉक्साझिनॉइड. मक्यातले ठळक नाव डिम्बोआ. कोवळ्या रोपात ती सर्वांत जास्त असतात, पण मोकळी नसतात. साखरेचा रेणू जोडून, निरुपद्रवी करून ती पेशीच्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) ठेवलेली असतात. साखर तोडणारे विकर (एन्झाइम) दुसऱ्याच कप्प्यात. अळीने पान चावले की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि डिम्बोआ सुटे होते. म्हणजे धडधाकट पानात 'नाशक' असे काही नसतेच. नाशकाची जुळवाजुळव असते. म्हणून पानाबाबत 'साठवतात' म्हणावे. रायच्या मुळांतून मात्र ही द्रव्ये मातीत उतरतात, तिथे 'स्रवतात' शोभते.

आता 'कीटक'. हीच द्रव्ये बुरशीलाही आवरतात आणि शेजारच्या तणाची वाढ खुंटवतात. त्यामुळे 'कीटक' तोकडा पडतो. शेतीच्या लिखाणात 'कीटकनाशक' आणि त्याहून व्यापक 'कीडनाशक' असा भेद करतात, तो इथे उपयोगी आहे.

राहता राहिले 'नाशक'. पुष्कळदा अळी मरत नाही. खाणे टाकते किंवा तिची वाढ रखडते. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी तर आणखी पुढची. ती सुटलेल्या डिम्बोआला पुन्हा साखर चिकटवते, आणि तीही उलट्या बाजूने, म्हणजे मक्याचे विकर ती तोडू शकत नाही! अशा द्रव्याला 'नाशक' म्हणणे अंमळ धाडसाचेच. 'जलरोधक', 'अग्निरोधक' यांच्या चालीवर मी 'कीडरोधक द्रव्य' लिहीन. 'कीडप्रतिकारक' नको, तो शब्द वाणासाठी रुळला आहे.

जाता जाता : सगळ्या तृणधान्यांना एका माळेत ओवू नये. ज्वारीत बेंझॉक्साझिनॉइड नसतात. तिचे द्रव्य धुरिन, आणि हे नाव ज्वारीच्या 'धुर्रा' या अरबी नावावरून आले आहे. पान चावल्यावर त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. कोवळी ज्वारी भरपूर खाल्ली तर गाय-बैलसुद्धा दगावतात. तिथे 'नाशक' खुशाल लिहा, 'कीटक' तेवढे गाळा.