वाचकांचे प्रश्न : राष्ट्राचाही एक धर्म असतो का?

प्रश्न : संपादक महोदय, ज्या देशांनी कोणताही धर्म राज्याचा म्हणून स्वीकारलेला नाही, तेथेही ध्वज, शपथविधी आणि हुतात्म्यांची स्मारके यांच्याभोवती पूजेसारखेच वातावरण असते. अभ्यासक याला ‘नागरी धर्म’ म्हणतात, असे वाचनात आले. हा खरोखर धर्म आहे, की राजकारणाने पांघरलेली झूल?

उत्तर : तो दोन्ही असू शकतो. नुसता विधी पाहून त्याचा उलगडा होत नाही. त्या विधीत राष्ट्र कोणापुढे नतमस्तक होते, की स्वतःच मखरात बसते, हे पाहावे लागते.

ही कल्पना फ्रेंच विचारवंत रूसोने १७६२ साली ‘सामाजिक करार’ या ग्रंथाच्या अखेरीस मांडली. ईश्वराचे अस्तित्व, मरणोत्तर जीवन, सज्जनांना सुख आणि दुर्जनांना शासन, तसेच करार व कायदे यांचे पावित्र्य, एवढ्या मोजक्या श्रद्धा नागरिकांना एकत्र बांधायला पुरेशा आहेत, असे त्याचे म्हणणे होते. निषिद्ध गोष्ट एकच, ती म्हणजे असहिष्णुता. मात्र याच प्रकरणात, या श्रद्धा न मानणाऱ्याला हद्दपार करावे आणि त्या जाहीरपणे मान्य करून नंतर विपरीत वागणाऱ्याला देहदंड द्यावा, असेही तो निःसंकोच लिहून जातो! पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तिचा नेता रोबेस्पिएर याने ८ जून १७९४ रोजी पॅरिसमध्ये परमेश्वराच्या नावाने मोठा सरकारी उत्सव घडवून आणला आणि २८ जुलैला तो स्वतःच गिलोटिनवर चढला. पॅरिसमध्येच चर्च म्हणून बांधलेल्या पँथिऑन या वास्तूचे १७९१ मध्ये राष्ट्रपुरुषांच्या समाधिस्थळात रूपांतर झाले होते; तेथे मानाने विसावलेल्या मिराबो या क्रांतिनेत्याचे अवशेष १७९४ मध्ये बाहेर काढण्यात आले, त्याच वर्षी मारा या दुसऱ्या क्रांतिनेत्याला आत नेण्यात आले आणि वर्षभराच्या आत त्याचीही उचलबांगडी झाली. हुकुमाने ठरवलेले संत हुकूम बदलला की पदच्युत होतात.

अमेरिकेत हे सारे कोणा एकाच्या हुकुमाविना, हळूहळू रुजले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखवून दिले, की तेथील अध्यक्षांच्या पदग्रहणाच्या भाषणांत ईश्वराचा उल्लेख येतो, पण ख्रिस्ताचा येत नाही. म्हणजे हा धर्म चर्चचा नव्हे, चर्चच्या शेजारी उभा असलेला वेगळाच धर्म आहे. त्याचे सर्वांत प्रगल्भ रूप, माझ्या मते, लिंकन यांच्या ४ मार्च १८६५ च्या भाषणात सापडते. यादवी युद्ध जिंकत आलेला हा नेता विजयाचा डंका पिटत नाही. दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात, एकाच ईश्वराची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचेच साहाय्य मागतात, हे सांगून तो युद्धाकडे गुलामगिरीच्या पापाचे शासन म्हणून पाहतो, आणि ते शासन उत्तर व दक्षिण दोघांनाही भोगावे लागत आहे, असे बजावतो. येथे राष्ट्र न्यायासनावर नाही, आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. याउलट १९५४ मध्ये ध्वजप्रतिज्ञेत ईश्वराचे नाव घातले गेले आणि १९५६ मध्ये ‘ईश्वरावर आमचा विश्वास आहे’ हे राष्ट्राचे अधिकृत ब्रीद ठरले, तेव्हा शीतयुद्धातील नास्तिक प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे सोव्हिएत संघाला, खिजवण्याचा भाग त्यात मोठा होता. शब्द श्रद्धेचेच, पण त्यांत आत्मपरीक्षणाचा लवलेश नाही.

प्रश्न : या विधींत एखाद्याने सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून भाग घेतला नाही, तर त्याला देशद्रोही म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : नाही, आणि हे न्यायालयांनीही सांगितले आहे, तेही सोप्या काळात नव्हे. यहोवाज विटनेसेस या पंथाचे लोक ध्वजवंदनाला मूर्तिपूजा मानतात. १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील सक्तीच्या ध्वजवंदनाच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर या पंथीयांवर देशात ठिकठिकाणी हल्ले झाले. १९४२ च्या आरंभी, देश युद्धात उतरलेला असताना, वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळाने ध्वजवंदन सक्तीचे केले. ते न करणाऱ्या मुलांना शाळेतून काढले जाई. मग ती बेकायदेशीरपणे गैरहजर ठरत आणि पालकांवर खटले भरण्याची सोय होई. त्या वेळी हात ताठ पुढे करून वंदन करण्याची जी रीत होती, ती नाझी सलामीशी इतकी मिळतीजुळती होती, की त्याच वर्षी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, ती बदलावी लागली. अखेर १४ जून १९४३ रोजी, म्हणजे नेमक्या ध्वजदिनी, न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपलाच निकाल फिरवला. राष्ट्रप्रेम काय असावे, हे कोणताही अधिकारी ठरवून देऊ शकत नाही, असा न्यायमूर्ती जॅक्सन यांच्या निकालपत्राचा आशय होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ मध्ये याच पंथातील केरळच्या तीन मुलांना न्याय दिला. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत.

तुर्कस्तानात १० नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी, आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांच्या मृत्यूच्या वेळेला, भोंगे वाजतात आणि रस्त्यांवरील वाहनेही थांबतात. थांबणाऱ्यांची भक्ती खरी असू शकते. पण ती खरी आहे की नाही, हे न थांबण्याची मुभा असेल तरच कळेल.

प्रश्न : एकाच देशात दोन नागरी धर्म नांदू शकतात का?

उत्तर : नांदतात, पण सुखाने नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेने आपल्या सेनानींनाच वीरपुरुष करून त्यांचे पुतळे उभारले. रिचमंड येथे १८९० मध्ये बसवलेला दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांचा पुतळा २०२१ मध्ये हटवण्यात आला. दुसरीकडे मार्टिन ल्यूथर किंग १९६३ मध्ये लिंकन यांच्या स्मारकापाशी उभे राहिले आणि १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला न वटलेली हुंडी म्हणून त्यांनी राष्ट्राकडे थकबाकी मागितली, म्हणजे त्याच धर्माचे ग्रंथ त्याच्याच पुजाऱ्यांपुढे उघडून धरले. किंग यांच्या जन्मदिनाची राष्ट्रीय सुटी १९८६ पासून पाळली जाते. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांच्या सरकारी दिनदर्शिकेत मात्र जानेवारीतील तिसऱ्या सोमवारी किंग आणि ली या दोघांचीही जयंती एकत्रच नोंदलेली आहे.