तापाचं 'डबल' औषध देऊनही अंग गरमच आहे, वरून साधं पॅरासिटामॉल देऊ का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, वजन १२ किलो, ताप १०२ च्या वर. दवाखान्यातून आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं सिरप मिळालं. ५ मिली पाजून दोन तास झाले तरी अंग गरमच, आणि घरात साध्या पॅरासिटामॉलची अर्धी बाटली आहे. तीही देऊ का?

नका देऊ. आता कारण सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, फार्मसीचा डिप्लोमा केलेला माणूस, पण वीसेक वर्षं काउंटरमागे उभा आहे. "भाऊ, लेकराचा ताप उतरूनच नाही राहिला, जरा जोरातली बॉटल द्या" हे वाक्य पावसाळ्यात मी रोज ऐकतो. ही जोरातली बॉटल म्हणजेच तुमच्या हातातली. ती वेगळं औषध नाही, दोन औषधं एकाच बाटलीत आहेत, आणि त्यातलं एक तुमच्या घरातल्या अर्ध्या बाटलीतही आहे.

हिशेब करून पाहा. पॅरासिटामॉल एका वेळेला किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या पोराला १८० मिलिग्रॅम. माझ्याकडे येणाऱ्या डबल सिरपच्या ५ मिलीत आयबुप्रोफेन १०० आणि पॅरासिटामॉल १६२.५ मिलिग्रॅम असतं. त्याच्यावर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या साध्या सिरपचे साडेसात मिली पाजले की एकूण साडेतीनशेच्या जवळ, म्हणजे जवळपास दुप्पट. एकदा झालं तर निभावेलही. पण तीन दिवसांच्या तापात दर वेळी असंच होत गेलं तर भार लिव्हरवर येतो. वाईट हे की पॅरासिटामॉल जास्त झालेलं लेकरू पहिल्या दिवशी खेळताना दिसू शकतं, फार तर ओकतं. लिव्हर बिघडल्याची लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसायला लागतात. त्यावर उतारा आहे, पण पहिल्या आठ तासांत मिळाला तर तो सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणून चुकून फारच जास्त गेलं असेल तर वाट न पाहता बाटली सोबत घेऊन सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

आणखी एक गोंधळ साध्या बाटलीतच आहे. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप येतं, २५० चंही येतं, आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये तर एकाच मिलीत १००. तुमच्या मुलाला १२० वालं साडेसात मिली लागेल, २५० वालं साडेतीन, ड्रॉप्स मात्र पावणेदोन मिलीच्या आसपास. "मागच्या टायमाला झाकणभर दिलं होतं" हे माप धरून कोणी ड्रॉप्स पाजले तर काय होईल ते तुम्हीच मोजा. झाकण ज्या बाटलीचं त्याच बाटलीला, आणि घरातला चहाचा चमचा नकोच. वजन माहीत नसेल तर अंगणवाडीत महिन्याला करतात, ताईंना विचारा. वयावरून अंदाज बांधू नका, आमच्याकडे एकाच वयाच्या दोन पोट्ट्यांत चार किलोंचा फरक दिसतो.

सर्दीच्या सिरपचंही नाव काढतो, कारण त्यातही बरेचदा पॅरासिटामॉल असतं आणि कोणी ते तापाचं औषध म्हणून मोजतच नाही. शिवाय सर्दीच्या सिरपमध्ये येणारं क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला केंद्राने २०२३ मध्ये सांगितलं आहे. तुमचा मुलगा त्याच वयात बसतो.

आता आयबुप्रोफेन. ते वाईट औषध नाही. दुखण्यावर चांगलं चालतं, पण सहा महिन्यांखाली नको, उपाशी पोटी नको, आणि लेकरू ओकत-हगत असेल, लघवी कमी झाली असेल तर अजिबात नको, किडनीला मार बसतो. पोळ्याच्या आसपास आपल्याकडे डेंग्यूचे दिवस असतात. ताप कशाचा हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, मेफेनामिक, अ‍ॅस्पिरिन यांतलं काहीच नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डबल बाटलीतून आयबुप्रोफेन वेगळं काढता येत नाही, माझा तिच्यावर राग आहे तो याचसाठी. ती विकून मला पैसे जास्त मिळतात, तरी सांगतो.

मीही सुरुवातीला ती सर्रास द्यायचो. एकदा एक आजी मोठ्या माणसाची निमेसुलाइड-पॅरासिटामॉलची गोळी न्यायला आली. कोणासाठी म्हटलं, तर "नातवाले अर्धी कुटून मधात चाटवतो जी, सकाळपर्यंत टुणटुणीत." निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी देशात २०११ पासून बंद आहे. त्या दिवसापासून 'कोणासाठी?' विचारल्याशिवाय तापाच्या गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवत नाही. गिऱ्हाईक चिडतं कधी कधी, चिडू दे.

तर आज रात्री काय करायचं? डबल सिरप दिलं ती वेळ कागदावर लिहा. तिथून सहा तास पॅरासिटामॉलचा थेंब नाही, आणि ताप कशाचा हे कळल्यावर डबल सिरप पुन्हा द्यायचंच झालं तर आठ तासांच्या आत नाही. सहा तासांनंतर मुलगा अस्वस्थ असेल तर साधं पॅरासिटामॉल द्या, दिवसाला चारच्या वर वेळा नाही. ताप १०२ वरून १००.५ वर आला तरी औषध लागू पडलंय, ९८ होईपर्यंत पाजत राहायचं नसतं. लेकरू पाणी पितंय, मधून हसतंय, तर आकड्याकडे बघून घाबरू नका. झोपलं असेल तर औषधासाठी उठवू नका. कपडे हलके, खोलीत वारा, थोडं थोडं पाणी. बर्फाच्या पट्ट्या नकोत, पोरगं कुडकुडतं आणि ताप आणखी चढतो. उद्या डॉक्टरांना विचारा, साध्या पॅरासिटामॉलवर भागेल का. बहुतेक भागतं.

काही तापांत मात्र घरी थांबायचंच नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ, झटका, धाप, डोळे न उघडणारी सुस्ती, सहा-आठ तास लघवी नाही, पोट दुखून सारखं ओकणं, अंगावर लाल-जांभळे ठिपके. ताप उतरतानाच लेकरू जास्त गळून गेलं तर तेही डेंग्यूत धोक्याचं. तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर रक्त तपासा. आशाताईंकडे मलेरियाची किट असते, ती तर पहिल्याच दिवशी करून घ्या. आणि घरात कोणाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, मुलाची तपासणी झाली नसेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा. सिकलसेलच्या लेकराचा ताप घरी औषध देऊन बघण्यासारखा नसतो, लगेच दवाखाना. गाडी नसेल तर १०८ ला फोन.

दोन्ही बाटल्यांच्या मागच्या बारीक अक्षरांचा फोटो इथे टाकलात तर मिली मोजून सांगतो. उन्हाळ्यात ऊन लागून चढलेल्या तापाला मात्र यातलं काहीच चालत नाही, तो प्रश्न वेगळा विचारा.