रोटाव्हायरस, फ्युरा-२ आणि माझे वाया गेलेले सात महिने

रोटाव्हायरस (जुलाबाचा विषाणू) दिल्यावर आठ तासांनी एमए१०४ या माकडाच्या मूत्रपिंड-पेशींत फ्युरा-२चं, म्हणजे कॅल्शियम धरल्यावर चमक बदलणाऱ्या डायचं, गुणोत्तर (ते जितकं जास्त, तितकं कॅल्शियम जास्त) दुप्पट झालं, म्हणजे पेशीपटलातून कॅल्शियम आत येतंय ना, असं तुम्ही विचारलंय. वाचून माझं पीएचडीचं तिसरं वर्ष आठवलं. हाच आलेख, हाच निष्कर्ष. तो चुकला होता.

पेशीद्रव्यात कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर आणि बाहेर १ ते २ मिलिमोलर, हा दहा हजार पटींचा फरक तुम्हाला ठाऊक असणारच. पण डाय पेशीतून झिरपून बाहेरच्या द्रवात, म्हणजे बफरमध्ये, आला, तर तिथल्या कॅल्शियमने तो लगेच भरून जातो आणि गुणोत्तर चढतं. चमक मोजणाऱ्या प्लेट रीडरला आतलं-बाहेरचं कळत नाही. त्यातून संसर्ग झालेल्या पेशी जास्त गळतात, त्यामुळे कंट्रोलशी (विषाणू न दिलेल्या पेशींशी) फरकही झकास दिसतो. मी तो फरक घेऊन सेमिनार दिला. एका सरांनी विचारलं, "वाचनाआधी बफर बदलला होता का?" नव्हता बदलला. त्याच संध्याकाळी बदलून पाहिला, तर अर्ध्याहून जास्त वाढ नाहीशी झाली.

म्हणून डायची चमक विझवणारं मॅंगनीज घालून बघा, ३६० नॅनोमीटरला, जिथे कॅल्शियमने फरक पडत नाही. घालताक्षणी उजेड एकदम कमी झाला तर तेवढा डाय बाहेर आहे. नंतर हळूहळू उतरला, तर मॅंगनीजचे आयन खरंच पेशीत शिरताहेत.

आणि "विषाणू पटलाला भोकं पाडतो" असं सरसकट लिहू नका, हे माझं ठाम मत आहे. रोटाव्हायरसचं एनएसपी४ हे प्रथिन ईआरमधलं (पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारातलं) कॅल्शियम बाहेर सोडतं. ईआर रिकामा झाल्याचं स्टिम१ या प्रथिनाला कळतं आणि पटलातलं ओराय१ हे कॅल्शियमचं दार उघडतं. म्हणजे त्या वाटेने येणारं कॅल्शियम पेशीच्याच दारातून येतं. पटल गळकं होणं हा वेगळा प्रकार आहे आणि तोही खरा आहे: निरोगी पेशीत सहसा न शिरणारी प्रथिननिर्मिती-रोधकं संसर्ग झालेल्या पेशीत शिरतात, हे लुईस कारास्को यांनी १९७८ मध्येच मांडलं होतं. मी रोटापुरतंच बोलतेय. एंटेरोव्हायरस या दुसऱ्या विषाणूगटाच्या २बी प्रथिनावर मी काम केलेलं नाही.

बाहेरचं कॅल्शियम बांधून टाकणारं ईजीटीए वापरणार असाल तर विषाणू आत शिरल्यानंतरच घाला. विषाणूच्या बाहेरच्या थरातलं व्हीपी७ हे प्रथिन कॅल्शियमवरच टिकून असतं. विषाणू सक्रिय करायला ट्रिप्सिन हे विकरही ईडीटीए (तेही कॅल्शियम बांधतं) नसलेलं घ्या. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

डायचंही सांगते. गोव्याच्या पावसाळ्यात थंडगार बाटली तशीच उघडलीत तर डाय ज्यात विरघळवलेला असतो ते डीएमएसओ पाणी ओढतं आणि डायचं पेशीत शिरू शकणारं एएम रूप फुटतं. मग ते पेशीत शिरतच नाही. खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा, छोटे भाग करून ठेवा. आमच्या खरेदी विभागाने तर बर्फातून आलेलं पार्सल चवथीची सगळी सुट्टी साध्या कपाटात ठेवलं होतं. दोनदा पत्र लिहिलं, "पोहोच दिली आहे" एवढंच उत्तर आलं. त्यामुळे पार्सल यायच्या दिवशी स्वतः जाऊन उभे राहा.

मॅंगनीजच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आलेख इथे टाका. प्लेटमधल्या कंट्रोल खळग्यांचेही हवेत, बघते.