मालकाने समाजमाध्यमावर भांडण केले, म्हणून शेअर विकावे का?

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहते आणि शाळेत शिक्षिका आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या ओला इलेक्ट्रिकचे ३,००० शेअर सरासरी १३५ रुपयांनी घेतले. ६ ऑक्टोबरला कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल आणि विनोदवीर कुणाल कामरा यांच्यात एक्सवर जाहीर वाद झाला आणि भाव आणखी पडला. माझे मिस्टर म्हणतात, अजून २ लाखांचे घेऊन सरासरी खाली आणू. प्रमुखांनी माफी मागितली तर भाव परत येईल का? हे पैसे मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी जूनमध्ये लागतील. ठाण्याहून दादरला पोहोचेपर्यंत मी लोकलमध्ये दहा वेळा भाव बघते.

उत्तर : नमस्कार. माझे मत आधीच सांगतो : आपण हे शेअर विकावेत. मात्र त्यामागचे कारण एक्सवरचे ते भांडण नव्हे.

केवळ उद्धट बोलण्यावरून कंपनीचे भवितव्य ठरत नाही. जुलै २०१८ मध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी थायलंडच्या गुहेतील बचावकार्याशी संबंधित एका ब्रिटिश माणसाबद्दल अत्यंत अश्लाघ्य शब्द वापरले, तेव्हाही टेस्लाचा शेअर घसरला होता; पुढच्या काही वर्षांत तोच शेअर कित्येक पटींनी वाढला. त्यामुळे रविवारी भांडण झाले म्हणून सोमवारी विकायचे, हा नियम मी कोणालाही सांगणार नाही.

पण या वेळचा वाद कशावरून झाला, ते नीट पाहा. कामरा यांनी एकत्र उभ्या असलेल्या स्कूटरींचा फोटो टाकून ग्राहकांच्या दुरुस्तीच्या तक्रारींबद्दल विचारले होते. भाविश अग्रवाल यांनी त्यावर, येऊन मदत करा, तुमच्या फसलेल्या विनोदी कारकिर्दीपेक्षा जास्त पैसे देतो, नाहीतर गप्प बसा, अशा आशयाचे उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी शेअर ८ टक्क्यांहून अधिक घसरून ९० रुपयांच्या आसपास आला. त्याच सुमारास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात आलेल्या १०,६४४ तक्रारी त्यामागे होत्या. एप्रिलमध्ये विजेच्या दुचाकींच्या बाजारात निम्म्याहून अधिक असलेला कंपनीचा वाटा सप्टेंबरमध्ये सुमारे २७ टक्क्यांवर आला होता, म्हणजे घसरण भांडणाच्या आधीच सुरू झाली होती. २०२३-२४ या वर्षातला तोटा १,५८४ कोटी रुपयांचा होता. स्कूटर विकणाऱ्या कंपनीचा प्रमुख दुरुस्तीच्या प्रश्नाला पैशांची भाषा करून उत्तर देतो, तेव्हा गुंतवणूकदाराने अपमानापेक्षा त्या न सुटलेल्या प्रश्नाकडे पाहायचे असते.

माफीने भाव एखादा दिवस वर जाईलही, पण त्याने रांगेतली स्कूटर दुरुस्त होत नाही. कंपनीने डिसेंबर २०२४ पर्यंत सेवा केंद्रांची संख्या १,००० वर नेण्याचे सप्टेंबरमध्ये जाहीर केले होते. ते पूर्ण होते का आणि तक्रारी खरोखर घटतात का, यावर लक्ष ठेवावे. ज्याच्याकडे पाच-सात वर्षे आहेत आणि ज्याची रक्कम बुडाली तरी घर चालेल, त्याने ही वाट जरूर पाहावी. आपल्याकडे आठ-नऊ महिने आहेत.

आता मिस्टरांच्या सूचनेबद्दल. आपले ४,०५,००० रुपये ९० च्या भावाने २,७०,००० झाले आहेत. १३५ पर्यंत परत जायला शेअर ५० टक्के वाढावा लागेल. आणखी २ लाख घातले तर सुमारे २,२२२ शेअर येतील आणि सरासरी ११६ रुपयांच्या जवळ उतरेल. तरीही नुसती मुद्दल सुटायला जवळपास २९ टक्के वाढ हवी. त्यासाठी आपण एकाच तोट्यातल्या कंपनीत ६ लाखांहून अधिक रक्कम अडकवणार, आणि तीही मुलाच्या फीची. हे मी माझ्या घरात होऊ दिले नसते. हा शेअर आयपीओत, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअर विक्रीत, ७६ रुपयांना दिला गेला होता आणि ऑगस्टमध्येच १५७ पर्यंत गेला होता. तो उच्चांक मनात धरून वादानंतरचा ९० चा भाव स्वस्त ठरवू नये, ही मिस्टरांना माझी कळकळीची विनंती आहे.

विकल्यावर होणारा १,३५,००० रुपयांचा अल्पकालीन (वर्षाच्या आत विकलेल्या शेअरवरचा) तोटा वाया जात नाही. याच आर्थिक वर्षात आपल्याला दुसऱ्या शेअरमध्ये अल्पकालीन नफा झाला असेल, तर तो या तोट्यातून वजा होतो; उदाहरणार्थ ६०,००० रुपयांच्या नफ्यावर २० टक्क्यांनी होणारा १२,००० रुपयांचा कर वाचेल. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, मात्र प्राप्तिकर विवरणपत्र मुदतीत भरले तरच. ही तारीख चुकवू नका.

विक्री दोन-तीन दिवसांत विभागून, भाव ठरवून करा. आलेली रक्कम प्रवेशाच्या वेळी हातात पडेल अशा मुदतीची ठेव करून बँकेत ठेवा. फीचा आकडा २,७०,००० च्या वर असेल तर फरकाची तरतूद मासिक पगारातून आत्तापासूनच सुरू करावी. मिस्टरांचे २ लाख आहेत, ते याच कामासाठी राखून ठेवता येतील का, हे आधी त्यांच्याशी बोला.