साडेचार महिन्यांच्या बाळाला घेऊन मालवणला गरवायला जाता येईल का?

तुमचा प्रश्न असा: बाळ साडेचार महिन्यांचं, फक्त अंगावर पितंय. डिसेंबरात चार दिवस मालवणकडे जायचं ठरतंय. बाळाच्या बाबांना आणि आजोबांना खाडीत गळ टाकून मासे पकडायचेत (म्हणजेच गरवायचंय), तुम्हाला घरात कोंडून राहायचं नाही, आणि सासूबाई म्हणतायत की खाऱ्या वाऱ्यात एवढ्याशा बाळाला नेऊ नका.

जा. डिसेंबर चांगला आहे, बाळाचं वयही सोयीचं आहे. अजून रांगत नाही, वरचं अन्न सुरू नाही, म्हणजे बाटल्या उकळणं आणि खिमट शिजवणं ही दोन्ही कामं वाचली. मात्र बाळ गरवायच्या जागेवर न्यायचं नाही. ते खोलीच्या ओसरीवर राहील आणि गरवणारे तिथून हाकेच्या अंतरावर असतील, अशी राहायची जागा आधी शोधा. बाकीचं नियोजन त्यावरून आपोआप होतं.

अशी जागा म्हणजे खाडीकाठचं घर. देवबागची पट्टी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी चिंचोळी आहे. तिथे नदीच्या बाजूला अंगण असलेली न्याहारी-निवासाची घरं मिळतात. गड नदीच्या कालावल खाडीलाही तशी आहेत, तिकडे वर्दळ कमी. फोनवर 'सी व्ह्यू आहे का' हे विचारू नका. हे विचारा: अंगणातून किंवा स्वतःच्या धक्क्यावरून गरवता येतं का, धक्क्याला कठडा आहे का, खोलीत मच्छरदाणी बांधायला हुक आहेत का, वीज गेली तर पंखा चालतो का, फ्रीज वापरायला मिळेल का. खडपावरून (किनाऱ्यावरच्या खडकांवरून) गरवायचा मोह आजोबांना होईल, कारण मोठा मासा तिथे लागतो. पण खडपावर शेवाळ असतं आणि लाट पाठीमागून येते. बाळंतपणात टाके पडलेल्या बाईने आणि साठीच्या माणसाने ते या वेळी सोडून द्यावं.

वेळ ठरवायची ती भरतीवरून. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. सकाळी तीच, संध्याकाळी साधारण तीच. हा हिशेब मुंबईकडे बसतो. मालवणला भरती त्याच्या साधारण तासभर आधी होते आणि खाडीत जसजसं आत जावं तसतशी पुन्हा उशिरा. त्यामुळे ढोबळ अंदाज तिथीवरून काढा, नेमकी वेळ घरमालकाला विचारा. मोबाइलवरच्या तक्त्यात मालवण किंवा वेंगुर्ल्याचं ठिकाण निवडा, मुंबईचं नको.

खाडीत मासा चढत्या पाण्याबरोबर आत येतो आणि भरतीआधीचे दोन तास व ओहोटी लागल्यावरचा पहिला तास जास्त खातो. डिसेंबरात तिकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे एकादशी ते त्रयोदशीच्या आसपास गेलात तर भरती सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत पडेल आणि उजाडल्यापासून साडेनऊपर्यंतचा वेळ गरवायला मिळेल. तेवढाच पुरे. दहानंतर ऊन चढतं, अकराच्या पुढे समुद्राकडचा वारा सुरू होतो, दोरा धनुष्यासारखा वाकतो आणि मासा टोचला की कळत नाही. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण टाळा. पाण्याला इतकी ओढ असते की ३० ग्रॅमचं शिसं जागेवर राहत नाही आणि नवख्याचा सगळा वेळ दोरा गुंडाळण्यात जातो.

आता बाळाचं वेळापत्रक. या वयात दर दोन-तीन तासांनी दूध लागतं. सहाला पाजलंत तर साडेआठला पुन्हा. म्हणजे गरवण्याचा सगळा काळ एकाच पाजण्यावर येतो. तो ओसरीवर, सावलीत होऊ शकतो. भरती आणि बाळाची झोप यांची गाठ पडली तर भरती सोडायची. ती सव्वाबारा-साडेबारा तासांनी पुन्हा येणारच आहे.

एक नियम आजोबांनाही लागू करा: बाळ ज्याच्याकडे आहे त्याच्या हातात गळ नसेल. 'एका हाताने धरतो' हे चालायचं नाही. गळ फेकताना गरी (दोऱ्याच्या टोकाचा आकडा) मागून येते आणि ती कुठे आहे ते फेकणाऱ्याला दिसत नाही. फेकणाऱ्याच्या मागे आणि बाजूला दांडीच्या दुप्पट अंतर मोकळं हवं. सात फुटी दांडी असेल तर चौदा-पंधरा फूट. बाळ झोळीत किंवा कॅरियरमध्ये असेल तर त्याची हनुवटी छातीवर दबलेली नको आणि मान न वाकवता तुम्हाला त्याचा चेहरा दिसायला हवा. कॅरियर लावून धक्क्याच्या पायऱ्या उतरू नका. ओल्या पायऱ्यांवर पाय घसरला की माणूस पुढेच पडतो.

सामान साधं ठेवा. दांडी-रीळ नसलं तरी हातदोऱ्यावर काळुंदर, शेतुक आणि छोटी तांबोशी मिळते. ०.४० मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा) ५० मीटर, भोक असलेलं २० ते ३० ग्रॅमचं शिसं दोऱ्यात मोकळं ओवायचं, खाली एक मणी, मग स्विवेल (फिरती कडी), त्यापुढे ४० सेंटीमीटर तंगूस आणि शेवटी गरी. काळुंदराचं तोंड लहान, त्याला ८ किंवा १० नंबरची. तांबोशीला १ नंबर किंवा १/०. शिसं मोकळं असलं की माशाला वजन जाणवत नाही आणि तो आमिष तोंडात धरून ठेवतो. आमिषाला ताजी कोळंबी, कवचासकट, शेपटीकडून ओवलेली. सोललेली कोळंबी कुर्ल्या आणि बारके मासे दोन मिनिटांत पुसून नेतात. गरी पुन्हा पुन्हा रिकामी येत असेल तर खाली कुर्ल्या आहेत असं समजा आणि दहा पावलं सरका. दोरा दातांनी कापल्यासारखा स्वच्छ तुटला तर बहुधा केंड (पोट फुगवणारा विषारी मासा) आहे. कांदळवनाच्या मुळांत गरी अडकली तर फांद्या तोडू नका (कायद्याने मनाई आहे), दोरा हाताला गुंडाळूनही ओढू नका. काठीला दोन वेढे द्या आणि सरळ मागे चाला.

या सामानात बाळासाठी सगळ्यात वाईट वस्तू गरी नाही, शिसं आहे. गरीला सगळे घाबरतात. शिसं खिशात, टेबलावर, पलंगावर पडून राहतं. साडेचार महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि कूस वळायला लागलेलं असतं. वाटाण्याएवढं शिसं श्वासनलिकेत अडकू शकतं आणि गिळलं तर पोटात विष होतं. रक्तात शिशाचं अमुक इतकं प्रमाण मुलांना निर्धोक आहे अशी पातळीच नाही. शिसं हाताळल्यावर त्याची काळपट पूड बोटांना राहते, त्याच बोटांनी बाळाची मूठ धरली की ती मूठ तोंडात जाते. छोटं फटीचं शिसं दातांनी दाबून बसवायची सवय अनेक गरवणाऱ्यांना असते. पक्कड वापरा. गरवून आलं की साबण लावून, नखांत घासून हात धुवायचे, शर्ट बदलायचा, मगच बाळ उचलायचं. नुसत्या सॅनिटायझरने शिसंही जात नाही आणि कोळंबीचा चिकटाही जात नाही. सगळं सामान झाकणाच्या एका डब्यात, डबा खोलीबाहेर. निघताना गऱ्या आणि शिशाचे तुकडे मोजून घ्या, परतल्यावर पुन्हा मोजा.

तुटलेल्या तंगुसाचे तुकडेही गोळा करा. त्याच ओघात एक सांगते: बाळंतपणानंतर चौथ्या महिन्याच्या आसपास आईचे केस खूप गळतात आणि एखादा केस बाळाच्या पायाच्या बोटाला घट्ट गुंडाळला जातो. तंगुसाचा बारीक तुकडा मोज्यात गेला तर तेच होईल. बाळ कारण नसताना किंचाळून रडत असेल तर मोजे काढून हातापायाची बोटं बघायची. बोट सुजून लाल-निळं झालं असेल आणि वेढा निघत नसेल तर लगेच डॉक्टर.

ऊन आणि वारा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत. पूर्ण बाह्यांचं सुती झबलं, टोपी आणि खरी सावली एवढंच. बाबागाडीवर किंवा पाळण्यावर जाड ओढणी टाकून सावली करू नका. आत हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. पहाटे पारा विशीच्या आसपास, दुपारी ३२-३३, म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ घाला. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक काढा. गरम वाटलं तरी वरचं पाणी द्यायचं नाही, जास्त वेळा पाजायचं. तुम्ही मात्र पाणी भरपूर प्या. सासूबाईंच्या खाऱ्या वाऱ्याचं म्हणाल तर वाऱ्याने बाळ आजारी पडत नाही. पण 'कातरवेळी बाहेर काढू नका' हे त्यांचं दुसरं म्हणणं असणारच, आणि ते शंभर टक्के पाळा. दिवे लागायच्या वेळी कांदळवनाकडून डास आणि चिलटं येतात. तेव्हा बाळ आत, मच्छरदाणीत. धुराची कॉइल बंद खोलीत लावू नका. निलगिरी-लिंबाच्या तेलाची मलमं तीन वर्षांखालच्या मुलांना लावायची नसतात.

होडीतून गरवायला गेलात तर बाळाला नेऊ नका, 'पाच मिनिटांत फिरवून आणतो' म्हटलं तरी. या वयाचं बाळ सहा-सात किलोचं असतं आणि एवढ्या वजनाला नीट बसणारं, तोंड पाण्यावर ठेवणारं जॅकेट इकडे सहसा मिळत नाही. होडीवर बाळ तुमच्या मांडीवर असेल तर बुडण्याच्या वेळी तुमचेही हात अडकलेले असतात.

प्रवासाला मुंबईहून रेल्वे बरी. कुडाळला उतरा, तिथून देवबाग साधारण तासाभराच्या अंतरावर. गाडीनेच जायचं असेल तर मागच्या सीटवर, मागे तोंड केलेली बाळाची खुर्ची, आणि दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढून आडवं करायचं. चौदा आठवड्यांची लस राहिली असेल तर निघायच्या आठवडाभर आधी उरकून घ्या, म्हणजे लसीचा ताप वाटेत नको. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला, रुग्णवाहिका १०८. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर, दूध ओढत नाही, मलूल पडलंय, सहा-आठ तास लंगोट कोरडा: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, घरी परतायची वाट बघू नका. काढून ठेवलेलं दूध खोलीत चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, दुपारच्या उकाड्यात त्याहून कमी. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात चोवीस तास टिकतं. तो डबा आणि माशांचा डबा वेगळे ठेवा.

मोठ्यांच्या इजा. शिंगाळ्याच्या (कॅटफिश) पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांशी विषारी काटे असतात. गरीतून काढताना तो फडक्यातही हातात धरू नका, पक्कडीने गरी सोडवा किंवा सरळ तंगूस कापा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअस, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. त्या उष्णतेने विषाचा जोर उतरतो आणि वेदना कमी होतात. पाण्याचा अंदाज दुसऱ्याने घ्यावा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. उथळ वाळूत उतरलात तर पाय उचलून नका टाकू, फरफटत चाला, म्हणजे वाळूत बसलेली वागळी (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकते. गरी काट्यासकट बोटात रुतली तर उपसू नका, डॉक्टरांकडे जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते सांगा. केंड मिळाला तर परत सोडा. पोट फुगवतो म्हणून तो पोरांना आवडतो, पण त्याच्यातलं विष शिजवून जात नाही.

मासे बर्फात टाका आणि बाहेरच साफ करा. ज्या मोरीत बाळाची वाटी-चमचा धुतात तिथे खवले नकोत. तुम्ही स्वतः मासे खा, बिनधास्त. पाजणाऱ्या आईला आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम मासे चांगलेच. मुडदुशे बाळंतिणीला देतात ते योग्यच आहे, हलका मासा आहे, सार करून घ्या. दूध वाढावं म्हणून मोरी मासा खायला घालतात, तेवढं टाळा. तो शार्क आहे, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो आणि थोडा दुधातही उतरतो. मोठ्या सुरमईचंही तेच, एखादी तुकडी चालेल, रोज नको. अंगणात लागलेलं काळुंदर मात्र वरच्या मापात खुशाल खा. आधी पोट आणि कल्ले काढून घ्या, खाडीतल्या माशाला तिथे चिखलाचा वास असतो. मग हळद, मीठ, आगळ (कोकमाचा रस) लावून अर्धा तास ठेवा आणि तव्यावर कमी तेलात परता.